बासष्टी

ग्वाल्हेर नगर निगमाच्या क्षेत्र कार्यालयाच्या फळ्यावर जून २०२५ मध्ये निवृत्त होणाऱ्यांची यादी लागली होती. मालमत्ताकराचं काम उरकून निघताना ती वाचायला लागले आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबले. बहुतेक नावांपुढे एकच तारीख होती, १ जुलै १९६३. पंपचालक, सफाई कामगार, वसुलीचे कारकून, उद्यान विभागातले माळी. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची ही सगळी माणसं एकाच दिवशी जन्मली कशी?

उत्तर नानांनी दिलं. नाना माझ्या वडिलांचे स्नेही, लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरातले, निगमात कारकून, आणि त्याच यादीत चौथे. "तारीख आईबापांनी नाही दिली, मास्तरांनी दिली," ते म्हणाले. "शाळा जुलैत उघडायची. बाप पोराला घेऊन जायचा. जन्म कधीचा विचारलं तर सांगायचा, मोठा पूर आला त्या साली, नाहीतर आजी गेली त्याच्या पुढच्या पावसात. मास्तर पोराकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे १ जुलै लिहायचे." महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून ३० जूनची विदाई वर्षातली सगळ्यांत मोठी. "ये तू त्या दिवशी," नाना म्हणाले. "यादी वाचलीस, आता माणसंही बघ."

त्या फळ्यापुढे उभं राहिलं की निगमाच्या माणसांचं अख्खं जग कळतं. त्या जूनमध्ये तिथे हे होतं: राज्य सरकारनं महागाई भत्ता ५५ टक्क्यांवर नेल्याचा आदेश, मागची थकबाकी जून ते ऑक्टोबर अशी पाच हप्त्यांत मिळणार ही बातमी, कुणाच्या तेरवीचं कार्ड, रक्तदान शिबिराचं पत्रक, वाल्मीकी जयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीसाठी बैठक. जेवणाच्या सुटीत लोक डबा हातात धरूनच तिथे येतात. आदेश मोठ्यानं वाचणारा एक असतो, बाकीचे ऐकतात, आणि लगेच आकडेमोड सुरू होते. बाहेरच्याला कंटाळवाण्या वाटतील अशा या कागदांवर कुणाच्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरते, कुणाच्या घराचा स्लॅब पडतो.

त्यातलं एक कात्रण नानांनीच चिकटवलेलं होतं. १७ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं बढतीचे नवे नियम मंजूर केले, त्याची बातमी. ३० एप्रिल २०१६ ला जबलपूरच्या हायकोर्टानं २००२ चे बढतीचे नियम रद्द ठरवले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 'जैसे थे'चा आदेश झाला आणि मध्य प्रदेशातल्या बढत्या नऊ वर्षं गोठल्या. नाना ज्या खुर्चीवर २०१६ साली बसले होते, तिच्यावरूनच उठणार होते. नियम मंजूर झाल्यापासून त्यांच्या निवृत्तीपर्यंत तेरा दिवस होते. तेरा दिवसांत कुणाची बढती होत नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी कात्रण त्यांनी कडेला कातरून, चारही कोपऱ्यांना नीट खळ लावून चिकटवलं होतं. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी.

३० जूनला सोमवार होता. पाऊस पडून गेलेला, उकाडा मात्र तसाच. मी पोचले तेव्हा सभेच्या खोलीत एकच माणूस होता आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास कोंदला होता. लोखंडी कपाटातून शाली काढून तो एकेका खुर्चीच्या पाठीवर पसरत होता. थंडीत मेळा भरतो तेव्हा शाली स्वस्त पडतात, मग एकदम घेऊन ठेवतात, असं त्यानं सांगितलं. पंखा फुल्ल केलेला. "वास गेला पाहिजे, मॅडम. माणूस आयुष्यभर गटारीच्या वासात राहिलाय, शाल तरी चांगल्या वासाची मिळावी," अशा अर्थाचं तो हिंदीत बोलला आणि पुन्हा कामाला लागला. सगळे त्याला भैया म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले.

समारंभाची सगळी तयारी भैयाच करतो. झेंडूचे हार ओल्या फडक्यात, नारळ शेंडीसह पुसलेले, बहादुरा मिठाईवाल्याच्या लाडवांचे डबे, प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. कुणाला गुडघ्याचा त्रास आहे, कुणाला पुढच्या रांगेत बसवायचं, कुणाच्या बरोबर घरची किती माणसं येतील, हे त्याच्या डोक्यात पक्कं. मी त्याला विचारलं, तुमची विदाई कधी? त्याचे हात थांबले नाहीत. "हमारा बासठ नहीं आता," तो म्हणाला. बासष्ट म्हणजे इथलं निवृत्तीचं वय. तो आउटसोर्सवर आहे. अकरा वर्षं याच इमारतीत, पण नोकरी एजन्सीची. एजन्सी तीनदा बदलली. पगार बारा हजारांच्या आसपास. शाळेत तो गेलाच नाही, त्यामुळे त्याला मास्तरांची तारीखही मिळाली नाही. आधार कार्ड काढताना फक्त साल सांगता आलं म्हणून त्यावर १ जानेवारी १९६८ पडलं. म्हणजे नियमानं मोजलं तर ३१ डिसेंबर २०२९ ला त्याला बासष्ट पूर्ण होतील. हा हिशेब त्यानं स्वतःच करून ठेवलेला होता.

बासष्ट हा आकडा त्या दिवशी मी प्रत्येकाच्या तोंडून ऐकला. कारकून आणि अधिकाऱ्यांचं निवृत्तीचं वय आधी साठ होतं. मार्च २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारनं अध्यादेश काढून ते बासष्ट केलं. त्यामुळे पुढची दोन वर्षं साठीला आलेलं कुणी घरी गेलंच नाही. हारतुऱ्यांचा कार्यक्रम पुन्हा सुरू व्हायची वेळ आली ती ३१ मार्च २०२० ला, आणि तेव्हा देशभर टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. दोन वर्षं थांबून बासष्टीला पोचलेली ती पहिली माणसं हाराशिवाय, नारळाशिवाय घरी बसली. नानांच्या शाखेतल्या एका बाईंना नोकरी संपल्याचं फोनवर कळवलं गेलं. "तेव्हापासून मी एकही विदाई चुकवली नाही," नाना म्हणाले.

समारंभ तासाभरात आटोपला. भाषणं जशी असतात तशी झाली. पण नाव पुकारल्यावर माणूस आपल्या जागेवरून उठून पुढे येईपर्यंतचे ते काही क्षण मी प्रत्येक वेळी नीट पाहिले. पंपचालक ताठ चालत आला. माळ्यानं आधी हात शर्टाला पुसले. आणि जिज्जी उठलीच नाही.

जिज्जी दौलतगंजच्या गल्ल्या झाडायची. सासूच्या जागी अनुकंपेवर लागली, आधी मस्टरवर, मग कायम झाली. सगळा झोन तिला जिज्जी म्हणतो. नाव पुकारलं तेव्हा ती मागच्या भिंतीला टेकून बसलेली होती आणि शेजारणीला हळूच विचारत होती, मलाच बोलावलं का? कागदोपत्री नाव वेगळं होतं. त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याला कित्येक वर्षं झाली असावीत. भैयानं माइकजवळ जाऊन नुसतं "जिज्जी" म्हटलं आणि खोलीत टाळ्यांचा जो आवाज उठला तो त्या दिवसातला सगळ्यांत मोठा होता. शाल त्यानंच तिच्या खांद्यावर सारखी केली. मी जवळच उभी होते. डांबरगोळीचा वास खरोखरच गेला होता.

तिच्या कागदांची कथा नानांनी नंतर सांगितली. निवृत्त होणाऱ्याला प्रत्येक शाखेकडून येणं बाकी नसल्याचा दाखला लागतो. भांडार शाखेच्या नोंदवहीत तिच्या नावावर एक हातगाडी निघाली, पंचवीसेक वर्षांपूर्वी दिलेली. गाडी कधीच मोडीत गेली होती, पण जमा केल्याची नोंद सापडेना. नोंद नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर ग्रॅच्युइटीचा कागद पुढे सरकत नाही. ज्या बाईनं एवढी वर्षं उन्हातान्हात रस्ता झाडला, तिला एका गंजलेल्या गाडीचा हिशेब मागायचा हे मला फार लागलं. नाना शांत होते. "वहीत आहे ते वहीतच शोधायचं," म्हणाले. त्यांनी आणि भैयानं दोन शनिवार जुन्या वह्या उलटल्या आणि जमापावतीचं अर्धं फाटलेलं प्रतिपत्र मिळवलं. भैयाला वाचता येत नाही. पावतीचा रंग आणि तेव्हाच्या भांडारपालाची सही मात्र तो ओळखतो.

नानांचं स्वतःचं सेवापुस्तक त्याच दिवशी बंद झालं. शेवटच्या पानावर लाल शाईनं नोंद आणि सही. एक वेतनवाढ तेवढी त्यांना मिळेल, तीही फक्त पेन्शनच्या हिशेबापुरती. वर्षभर काम करून ३० जूनला घरी जायचं आणि १ जुलैची वाढ हुकायची, हा अन्याय कित्येक वर्षं चालत आला होता. एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती वाढ हक्काची ठरवली. मास्तरांनी दिलेल्या तारखेचं नुकसान असं निदान कागदावर भरून निघालं. नानांच्या लहानपणी निगमाच्या कचेऱ्यांत मराठी सहज कानावर पडायचं. नारायण कृष्ण शेजवलकर महापौर होते, पुढे त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकरही झाले. आता नानांच्या शाखेत मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. हे सांगताना त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

खरी विदाई कार्यालयाच्या फाटकाबाहेर होती. जिज्जीच्या वस्तीतून ढोल आला होता, ई-रिक्षा फुलांनी सजवलेली, दहादहाच्या नोटांचा हार जावयानं आणलेला. मिरवणूक मुद्दाम दौलतगंजातून नेली. दुकानदार बाहेर आले. एकानं शालीवर दुसरी शाल घातली, एका म्हाताऱ्या बाईंनी वरच्या मजल्यावरून खाली येऊन तिच्या हातात साडी ठेवली आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. त्या घराच्या पायरीवर जिज्जी अनेक वर्षं सकाळचा चहा पीत आली होती. कप तिचा वेगळा ठेवलेला असे, हेही तिनंच मला रिक्षात सांगितलं, रागानं नाही, सरळ माहिती दिल्यासारखं. वस्तीत पोचल्यावर बायकांनी तिला ओवाळलं. मुलगा, सून, नातवंडं आणि निगमातल्या जोडीदारणी. तिथे कुणी भाषण केलं नाही. सून म्हणाली, "आमच्या घरात एका माणसाला तरी बासष्टपर्यंत पगार आणि पुढे पेन्शन मिळाली, म्हणून ही पोरं शाळेत आहेत." तिचा नवरा, म्हणजे जिज्जीचा मुलगा, टिपर गाडीवर मदतनीस आहे. आउटसोर्स.

शहर साफ राहतं ते या बायकांच्या पाठीच्या कण्यावर, आणि त्यांना मिळालेली एकमेव खरी सुरक्षितता म्हणजे ती कायम नोकरी होती. ती काढून घेऊन त्याच गल्ल्या त्यांच्याच मुलांकडून ठेक्यावर झाडून घेणं मला अन्यायाचं वाटतं. खर्च वाचतो हे मी ऐकलं आहे. कुणाचा वाचतो हे त्या अंगणात दिसत होतं.

१ जुलैच्या सकाळी सहाला मी हजेरीच्या जागी गेले. सफाई दरोग्यानं जिज्जीच्या नावावर आडवी रेघ मारली आणि तिचा बीट दोन पोरांत वाटला. दोघंही एजन्सीचे. एकजण तिच्याच गल्लीतला, तिला मावशी म्हणणारा. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं नोकरी लागायची. ठेका त्याआधी बदलला की नवी एजन्सी, नवं ओळखपत्र, आणि वर्षं पुन्हा एकपासून मोजायची. भैयाची अकरा वर्षं अशीच तीन तुकड्यांत पडली आहेत.

बढतीचं प्रकरण पुढच्याच आठवड्यात पुन्हा हायकोर्टात गेलं. त्याच दरम्यान नाना कार्यालयात एक अर्ज घेऊन गेले, स्वच्छ अक्षरात दोन मागण्या लिहिलेला. ठेका बदलला तरी त्याच जागेवर केलेली नोकरी सलग धरावी, ही पहिली. एजन्सीच्या ज्या कामगाराला बासष्ट पूर्ण होतील त्याचं नाव महिनाअखेरच्या यादीत यावं आणि समारंभात पुकारलं जावं, ही दुसरी. खाली एक नाव आणि तारीख उदाहरण म्हणून दिली होती. आवक शाखेतल्या मुलीनं शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि नानांना विचारलं, काका, २०२९ चं आत्ताच कशाला? नाना म्हणाले, "नोकरी जोडून घ्यायला चार वर्षं लागतील बेटा, आजच सुरू करायला हवं."