घोरणे, निद्राश्वासरोध आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा

घोरणारा मनुष्य गाढ झोपला आहे, असा समज सातारा व सांगली भागांत सर्वत्र रूढ आहे. परंतु मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबणे व क्षणभराने धापेसरशी तो पुन्हा सुरू होणे, हे अडथळाजन्य निद्राश्वासरोधाचे, म्हणजेच ‘स्लीप ॲप्निया’चे लक्षण असू शकते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. निदान १० सेकंद श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे असे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र समजतात. मुंबईतील ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसा झोपाळूपणा आणणारा हा विकार सुमारे ७.५ टक्के पुरुषांत आढळला.

हा दोष केवळ यांत्रिक नव्हे. प्रतिकारयंत्रणेचा त्यात दुहेरी संबंध आहे. मुलांमध्ये ती कारण ठरते. टॉन्सिल व ॲडिनॉइड हे जंतूंना अटकाव करणारे घशातील पहारेकरी होत. वारंवार संसर्ग झाल्याने ते फुगतात आणि ज्या वाटेचे रक्षण करावयाचे तीच अडवितात.

प्रौढांमध्ये ती परिणामाची वाहक होते. प्रत्येक अडथळ्यागणिक रक्तातील प्राणवायू घटतो व लगेच वाढतो. या चढउतारामुळे पेशींतील दाहाची सूत्रे हलविणारे एक प्रथिन जागृत होते. पांढऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, आणि जंतू नसतानाही रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोहोचते. स्थूलपणाही स्वतंत्रपणे दाह वाढवितो; म्हणून दोहोंचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मांडली. तिने झोपाळूपणा कमी होतो. दाह मात्र प्रत्येक वेळी शमतोच असे नाही. हृदयविकार व पक्षाघात तिने घटल्याचे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले नाही. यास्तव वजन घटविणेही तितकेच अगत्याचे आहे.

गळीत हंगामात रात्रभर ऊस वाहणाऱ्या चालकास लागलेली डुलकी त्याच्या व इतरांच्याही जिवावर बेतू शकते. मिरज येथे १९६२ पासून व कऱ्हाड येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कान-नाक-घसा व छातीचे तज्ज्ञ तेथे भेटतात. झोपेतील हा खंड रोग्यास स्वतःस क्वचितच कळतो. तेव्हा घरच्यांनी तो हसण्यावारी न नेता वेळीच वैद्यांच्या कानी घालावा, हे उचित होय.