कॅराव्हॅनची सरकती खोली: मिरगाआधी एवढं बघाच

राज्यानं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. नागपूरच्या उन्हाचं मात्र ज्याचं त्यानंच बघायचं! मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की स्लाइड-आउटच्या, म्हणजे सरकत्या खोलीच्या, कडेचं रबर कडक होतं, चिरतं आणि जूनच्या पहिल्याच सरीत गादी ओली. उन्हाळाभर रबरावर सिलिकॉन स्प्रे मारत राहा. ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं.

खोली झुकलीय असं वाटतंय? आधी गाडी सपाट जागी उभी करून पाणसळ लावा. खोली आत घेऊन बाहेरून वरची आणि खालची फट मोजा. वरची जास्त असेल तर बाहेरची कड खाली बसलीय. खोली वर-खाली करणाऱ्या बोल्टला लगेच पाना लावू नका. आधी पेचकसानं फरशीचं प्लायवूड टोचून बघा. ते कुजलं असेल तर बोल्ट कितीही कसा, उपयोग शून्य. लाकूड धड असेल तरच जुन्या जागेवर खूण करून थोडंथोडं फिरवा.

गळती शोधताना पाइपचं पाणी खालून वर सोडत जा, आत एकजण टॉर्च घेऊन. वरून ओतलं तर कुठला सांधा गळतो ते कळतच नाही.

आणि हो, खोली आत घेण्याआधी छतावरच्या कडुलिंबाच्या काड्या झाडा. रबर त्यांनीच फाटतं.