माफी कुणाच्या हाती?

दुसऱ्याला माफ करणं आपल्या मर्जीवर असतं, की त्यासाठी देवावर भरवसा लागतो?

हजरत अबू बकर यांचा मिस्तह नावाचा गरीब नातेवाईक होता. त्याचा खर्च तेच चालवत. इसवी सन 627च्या सुमारास मदिनेत त्यांची कन्या हजरत आयेशा यांच्यावर खोटा आळ आला. तो पसरवणाऱ्यांत मिस्तहही होता. बापाचं काळीज ते! यापुढे मिस्तहला मदत नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. तेव्हा कुरआनातल्या ‘नूर’ या अध्यायातली 22वी आयत उतरली. ऐपतदारांनी अशी शपथ घेऊ नये, माफ करावं, असं सांगून ती विचारते, की अल्लाहनं आपल्याला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बकरांनी मदत पुन्हा सुरू केली.

आमच्या धर्मात झालेल्या अन्यायाइतका बदला घेण्याची मुभा आहे. माफी मात्र श्रेष्ठ मानली आहे. माणसाचा अपराध माणसानंच माफ करायचा, अशी धारणा आहे. म्हणूनच शब-ए-बारातला अनेक घरांत ‘कहासुना माफ करा’ म्हणतात.

भरवसा मन तयार करतो. थैलीची गाठ मात्र आपल्याच हातानं सोडावी लागते.