पाच वर्षं म्हणजे जास्तीत जास्त पाच वर्षं

लोकसभेचे निकाल लागले की संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता पाच वर्षं कुणी यांना हलवू शकत नाही." बोलणारा जिंकलेल्या बाजूचा असो वा हरलेल्या, दोघांचाही समज एकच. पण संविधानाच्या 83व्या अनुच्छेदाने लोकसभेला पाच वर्षांची हमी दिलेलीच नाही. लोकसभा आधी विसर्जित झाली नाही तर पाच वर्षं चालेल, त्यापुढे नाही, एवढंच तो अनुच्छेद सांगतो. बारावी लोकसभा मार्च 1998 मध्ये आली. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं आणि जेमतेम तेरा महिन्यांत ती लोकसभा विसर्जित झाली.

मग सरकार पडलं की लोकसभाही जाते का? तसंही नाही. नोव्हेंबर 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार पडलं, आणि त्याच लोकसभेत, त्याच खासदारांमधून चंद्रशेखर पंतप्रधान झाले. सरकारची मुदत वेगळी, सभागृहाची वेगळी. सभागृहाची मुदत निकालाच्या दिवसापासूनही मोजत नाहीत, ती पहिल्या बैठकीपासून सुरू होते. अठराव्या लोकसभेचे निकाल 4 जून 2024 रोजी लागले, पण तिची पाच वर्षं मोजायची ती 24 जूनपासून.

दुसरा घोळ आकड्याचा. लोकसभेचे सदस्य 545, असं आपल्या पिढीने नागरिकशास्त्रात घोकलं आणि अजूनही अनेक जण तेच सांगतात. त्यातले दोन अँग्लो-इंडियन समाजाचे नामनियुक्त सदस्य असत. 104व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी 2020 पासून ती तरतूद उरली नाही. आता 543 जागा, सगळ्या निवडून येणाऱ्या. त्यात महाराष्ट्राच्या 48, गोव्याच्या 2.

राज्यसभेबद्दलचे समज जास्त खोलवर रुजलेले आहेत. "राज्यसभेची मुदत सहा वर्षं" हे वाक्य शिकलेली माणसंही बोलतात. सहा वर्षं मुदत असते ती सदस्याची. राज्यसभा 1952 मध्ये अस्तित्वात आली आणि आजवर एकदाही विसर्जित झालेली नाही, कारण तसं करताच येत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. मग अगदी पहिल्या तुकडीतले सगळे सदस्य एकदमच निवृत्त व्हायला नकोत का? ते टाळण्यासाठी तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं, की कुणाला दोन वर्षं मिळणार, कुणाला चार आणि कुणाला पूर्ण सहा. आज आपण पाहतो ते चक्र त्या चिठ्ठ्यांपासून फिरतं आहे. राज्यसभेच्या 245 जागांपैकी महाराष्ट्राच्या 19 आणि गोव्याची 1. बारा सदस्य राष्ट्रपती नेमतात.

राज्यसभेच्या निवडणुकीतलं आमदारांचं मतदान गुप्त असतं, हाही गैरसमजच. आमदार मतपत्रिकेवर जांभळ्या शाईच्या खास पेनाने 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितो आणि पेटीत टाकण्याआधी ती आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला उघडून दाखवतो. दाखवली नाही तर मत बाद. पक्षाबाहेरच्या कुणाला दाखवली तरी बाद.

पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या खासदाराला नवी पाच वर्षं मिळतात, असंही लोक धरून चालतात. त्याला फक्त उरलेली मुदत मिळते. मुदतीचा हा हिशेब वाचताना मला नेहमी मधू लिमये आठवतात.

पाचवी लोकसभा 1971 मध्ये आली. तिची पाच वर्षं मार्च 1976 मध्ये भरत होती. तेव्हा देशात आणीबाणी होती, आणि आणीबाणी चालू असताना संसदेला कायदा करून लोकसभेची मुदत वाढवता येते, पण एका वेळी एकच वर्ष. इंदिरा गांधींच्या सरकारने ती 1976 मध्येच दोनदा वाढवून घेतली. शिवाय 42व्या घटनादुरुस्तीने मुदतच सहा वर्षांची केली. ती पुन्हा पाचावर आली 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने.

पुण्यात जन्मलेले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी पोर्तुगिजांचा तुरुंग सोसलेले लिमये तेव्हा बिहारमधल्या बांका मतदारसंघाचे खासदार होते, आणि मध्य प्रदेशात स्थानबद्ध. शरद यादव जबलपूरचे, तेही तुरुंगात. दोघेही पोटनिवडणुकीतून आलेले, म्हणजे दोघांच्याही वाट्याला मुळात अपुरीच मुदत. यादवांना तर निवडून येऊन फार दिवसही झाले नव्हते. मतदारांनी आपल्याला मार्च 1976 पर्यंत पाठवलं आहे, त्यापुढचा एक दिवसही आपला नाही, अशी भूमिका घेऊन दोघांनी राजीनामे दिले. लिमयांच्या घरची आठवण अशी, की त्यांनी तुरुंगातून पत्नी चंपाताईंना निरोप धाडला : दिल्लीला जा आणि खासदार म्हणून मिळालेलं घर रिकामं कर.