बाया कर्वे : एका संसाराचा जमाखर्च

महर्षी कर्व्यांच्या नावानं पुण्यात रस्ता आहे, संस्था आहे आणि महिला विद्यापीठाच्या इतिहासाचं पहिलं पान त्यांचंच आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे घरच्यांच्या बाया, बहुतेकांना एका वाक्यापुरत्या ठाऊक असतात : अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या. हे वाक्य मला फार तोकडं वाटतं. अण्णांनी पैसा, वेळ आणि सगळं आयुष्य संस्थेला वाहून टाकलं. पण ते वाहून टाकता यावं म्हणून घराचा गाडा कुणीतरी ओढत होतं. तो बायांनी ओढला.

त्या देवरुखच्या जोशांची गोदू. अगदी लहानपणी नातूंच्या घरी दिली आणि लग्नाला काही महिने होतात न होतात तोच नवरा गेला. पुढची वर्षं सासरी राबण्यात गेली. बालविधवेच्या वाट्याला येणारं सगळं आलं : केशवपन, आलवण आणि न संपणारं काम. भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होते आणि त्यांचं बिऱ्हाड धोंडो केशव कर्व्यांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर होतं. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि नरहरपंतांनी बहिणीला तिथं दाखल केलं. सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. विशी उलटलेली बाई लहान मुलींच्या शेजारी बसून धडे गिरवू लागली. एकदा वपन झालेल्या डोक्यावर पुन्हा केस येऊ देणं, हे त्या काळी गावभर चर्चा व्हावी असं धाडस होतं.

सदन 1890 मध्ये पुण्याला आलं. पुढच्या वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला रुजू झाले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मागं रघुनाथ हा मुलगा. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं अण्णांनी ठरवलं होतं. बायांच्या वडिलांनी होकार दिला आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात लग्न झालं. सदनाच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. नव्या सुनेचं स्वागत अण्णांच्या मुरूड गावानं बहिष्काराचा ठराव करून केलं. जी आई-भावंडं अण्णांना घरात घेतील, त्यांनाही वाळीत टाकायचं ठरलं. पुरुषाला सभा, व्याख्यानं, मित्र असतात. बाईला असल्या वेळी माहेर-सासर आणि शेजार एवढंच जग असतं, आणि तेच मिटलं तर तिनं जायचं कुठं? पुनर्विवाहाचा इतिहास लिहिताना हा प्रश्न आपण पुरेसा विचारत नाही.

फर्ग्युसनच्या आजीव सभासदाचा पगार दरमहा 75 रुपये. त्यात मुलं, शिकायला आलेले नातेवाईक आणि आधाराला आलेल्या विधवा मुली. 1896 मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, 1900 मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. लोकांनी देणगी द्यावी तर आधी आपण द्यावी, म्हणून अण्णांनी शिल्लक पैसे तर दिलेच, शिवाय आयुष्याच्या विम्याची 5,000 रुपयांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. बाया चिडल्या, रडल्या. मला हा राग अगदी रास्त वाटतो. एकदा निराधारपण भोगलेल्या बाईला विम्याचा कागद म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको होतं. नवऱ्यामागं काय होतं ते तिनं कोवळ्या वयातच पाहिलं होतं.

पण त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं, बाळंतपणं केली, घरात चार पैसे आणले. त्या शिकत होत्या तेव्हा घर सांभाळलं ते धाकट्या बहिणीनं. ही बहीणही विधवा, पार्वतीबाई आठवले. पुढं याच पार्वतीबाई आश्रमाचा मोठा आधार झाल्या, आश्रमासाठी झोळी घेऊन देशभर फिरल्या, अमेरिकेलाही गेल्या. कर्व्यांच्या घरी आलेली बाई अशी शिकून बाहेर पडे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आश्रमाला सनातनी घरांतून विधवा मुली मिळाव्यात म्हणून अण्णांनी त्याला पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षानं दूर ठेवलं. डावपेच म्हणून ते बरोबरच होतं. पण त्यामुळं संस्थापकाची पुनर्विवाहित बायको ही त्या संस्थेची अडचण ठरत होती. अण्णा हिंगण्याला पायी जात-येत आणि बाया मुलांना घेऊन पुण्यात संसार रेटत.

मुलांकडे पाहिलं की या घराची हवा कळते. सावत्र मुलगा रघुनाथ म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून जन्मभर टीका आणि खटले सोसलेला माणूस. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाईंबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, आणि लेखिका गौरी देशपांडे ही बायांची नात.

1944 मध्ये भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाईंनी बायांच्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावानं प्रसिद्ध केल्या. ज्यांनी हे पुस्तक वाचलं नसेल त्यांनी ते मिळवावंच. त्यात साहित्यिक नटवेपण शून्य. बोलावं तसं लिहिलेलं, घरातल्या कुरबुरी, पैशाची ओढाताण, आणि ज्यांना अवघा महाराष्ट्र वंद्य मानत होता त्या नवऱ्याविषयीच्या तक्रारीसुद्धा सरळ मांडलेल्या. तक्रार आहे, पण अण्णांच्या कामाबद्दल अविश्वास नाही. दोन्ही एकाच बाईच्या मनात शेजारी-शेजारी राहतात.

1950 मध्ये, ऐंशी ओलांडून, बाया गेल्या. कर्व्यांच्या संस्थेतर्फे दरवर्षी बाया कर्वे पुरस्कार दिला जातो. त्यांच्या आठवणींतला निवडक भाग मुलानं, दिनकररावांनी, इंग्रजीत नेला. पाच मराठी कुटुंबांवरचं त्यांचं पुस्तक 1963 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं छापलं, आणि त्यात आईची कहाणी आहे.