भूकंपरोधक बांधकाम : शासकीय नियमन आणि आपल्या शिक्षणसंस्था

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. एवढ्या किंवा याहून मोठ्या तीव्रतेचे सुमारे शंभर भूकंप जगात दरवर्षी होतात; त्यांपैकी बहुतेकांत फारशी प्राणहानी होत नाही. किल्लारीला ती झाली, कारण घरांच्या जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या होत्या, त्यांवर मातीच्या माळवदाचा प्रचंड भार होता आणि भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे काहीही नव्हते. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

तेव्हा नियम नव्हते काय? होते. मग ते त्या घरांपर्यंत का पोहोचले नाहीत, आणि आज आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींपर्यंत ते पोहोचतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानक आणि कायदा

भूकंपाचा विचार करून इमारतीचा आराखडा कसा करावा, याचे भारतीय मानक आय.एस. १८९३ हे १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले. घरबांधणीसाठी आय.एस. ४३२६ आहे. काँक्रीटच्या सांगाड्यात लोखंडी सळया कशा गुंफाव्यात हे सांगणारे आय.एस. १३९२० आणि मातीच्या व साध्या दगड-विटांच्या घरांसाठीची मानके १९९३ मध्ये आली. मात्र मानक म्हणजे कायदा नव्हे. भारतीय मानक ब्युरो तांत्रिक निकष ठरवते. राष्ट्रीय इमारत संहिताही शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्याचा कायदा, विकास नियंत्रण नियम किंवा स्थानिक संस्थेचे उपविधी जेव्हा त्या मानकाचा उल्लेख करतात, तेव्हाच ते बंधनकारक होते. जमीन व बांधकाम हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. म्हणून बेळगाव, वडोदरा आणि हैदराबाद येथील अभियंता एकच मानक वापरतो, पण परवानगी देणारा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

किल्लारीच्या बाबतीत आणखी एक उणीव होती. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. त्या आवृत्तीत व २०१६ च्या आवृत्तीतही बेळगाव, वडोदरा व गोवा तिसऱ्या, तर हैदराबाद दुसऱ्या क्षेत्रात दाखवले आहे. नकाशा ज्ञानाबरोबर बदलतो. म्हणून 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे वाक्य पुरावा म्हणून वापरता येत नाही.

भुजनंतरचे बदल

२६ जानेवारी २००१ रोजी भुजजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, केवळ खांबांवर उभा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचिक, अशा रचनेत सारा ताण तळमजल्याच्या खांबांवर येतो. या आपत्तीने दाखवून दिले की, परवानगी घेऊन बांधलेली शहरी इमारतही सुरक्षित असतेच असे नाही. नकाशा मंजूर करणारा विभाग प्रामुख्याने मोकळी जागा, उंची व चटईक्षेत्र तपासतो. सळयांची जोडणी बहुधा कोणी पाहत नाही.

त्यानंतर नियमनाला वेग आला. २००३ मध्ये गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने नगररचना कायदे व इमारत उपविधी यांत करावयाच्या दुरुस्त्यांचा नमुना २००४ मध्ये राज्यांपुढे ठेवला. २००५ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. या साऱ्याचा भर संरचना अभियंत्याच्या लेखी उत्तरदायित्वावर आहे.

शाळेची इमारत वेगळी का?

मानकानेच शाळेला वेगळे स्थान दिले आहे. शाळा, रुग्णालये व मोठी सभागृहे यांचा 'महत्त्व गुणक' १.५ धरला जातो; साध्या घराचा १ असतो. म्हणजे त्याच गावातील, तशाच रचनेच्या घरापेक्षा शाळेची इमारत दीडपट भूकंपबल गृहीत धरून आखावी लागते. हा नियम ठाऊक नसल्याने घरे बांधणाऱ्या ठेकेदाराकडूनच वर्गखोल्या बांधून घेतल्या जातात.

याला न्यायालयाचाही आधार आहे. कुंभकोणम येथे २००४ मध्ये शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आदेश दिला की, शाळेला मान्यता देण्यापूर्वी तिची इमारत राष्ट्रीय इमारत संहितेच्या सुरक्षा निकषांनुसार असल्याची खात्री राज्य सरकारने करावी.

संस्थांनी काय पाहावे?

आपल्या बहुतेक संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. चार खोल्यांनी सुरुवात झाली. देणगी मिळेल तसा मजला चढत गेला. मुख्य धोका येथेच आहे. पाया एका मजल्याचा आणि वर तीन मजले, अशी इमारत रोजच्या भाराला तग धरते, पण आडव्या हादऱ्यापुढे तिची खात्री देता येत नाही. म्हणून बांधकाम समितीवरील प्राध्यापकांनी काही कागद आग्रहाने मागावेत : संरचना अभियंत्याच्या सहीचा आराखडा, त्यात गृहीत धरलेले भूकंपक्षेत्र व महत्त्व गुणक, मातीचा अहवाल आणि पूर्णत्वाचा दाखला. दगड-विटांच्या इमारतीत दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, हे विचारावे. मजला वाढवण्यापूर्वी जुना पाया व खांब तपासून घ्यावेत. जुनी इमारत पाडावीच लागते असे नाही. किल्लारीनंतर हजारो जुन्या घरांचे मजबुतीकरण करण्यात आले.

'जलजला अल्लाहच्या मर्जीने येतो, त्यापुढे माणसाचे काय चालणार', असे आपल्या बैठकांत ऐकू येते. जलजल्याची वेळ आपल्या हाती नाही, हे खरेच. परंतु सळई किती जाडीची वापरायची, हे आपल्याच बैठकीत ठरते. तवक्कुल प्रयत्नानंतर येतो. पालकांनी आपली मुले अमानत म्हणून आपल्याकडे सोपवलेली असतात, आणि त्या अमानतीचा हिशेब इमारतीच्या पायापासून सुरू होतो.