काडतुसांचे पुनर्भरण

काडतुसांचे पुनर्भरण म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी कोशात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे होय. अमेरिकेतील रिव्हॉल्व्हर नेमबाजांमध्ये ही पद्धत रूढ आहे. खर्चातील बचत आणि काडतुसांतील एकसारखेपणा ही तिची मुख्य कारणे आहेत.

कोणती काडतुसे भरता येतात

ज्या काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी टोपी असते, तेच पुन्हा भरता येते. .२२ काडतुसात स्फोटक द्रव्य तळाच्या काठात असते व आघाताने तो काठ चेपतो. म्हणून ते एकदाच वापरता येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात .२२ काडतुसेच वापरली जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये झाडलेले कोश चक्रातच राहतात, त्यामुळे ते गोळा करणे सोपे जाते.

कृती

कोश स्वच्छ करून साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. जुनी टोपी काढून नवी बसवतात, मोजलेली दारू घालतात, गोळी बसवतात आणि कोशाचे तोंड आवळतात. लक्ष्यवेधासाठी सपाट तोंडाची शिशाची गोळी पसंत केली जाते. ती कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पाडते, त्यामुळे छिद्र वरच्या गुणाच्या रेषेला स्पर्शते की नाही हे निश्चित ठरवता येते.

धोके

.३८ स्पेशल हे काडतूस काळ्या दारूच्या काळात आकाराला आले, म्हणून त्याचा कोश प्रशस्त आहे. सौम्य लक्ष्यवेधी काडतुसाला लागणारी धूररहित दारू मात्र अत्यल्प असते. परिणामी, चुकून दुप्पट दारू पडली तरी ती कोशात सहज मावते आणि झाडताना चक्र फुटू शकते. याउलट, दारू घालायची राहिली तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते. त्यामागून दुसरी झाडल्यास नळी फुगते वा फुटते. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक कोशात प्रकाश टाकून दारूची पातळी पाहतात. दारूचे प्रमाण उत्पादकाच्या कोष्टकाबाहेर जाऊ देत नाहीत. शिसे विषारी असल्याने काम संपताच हात धुणे आवश्यक असते.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये भारतात परवान्याविना दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे.